सुईनंतरचे दहा दिवस : कुत्र्या-मांजरांतील केमोथेरपीचे दुष्परिणाम आणि आपली जबाबदारी

मुंबईहून निघालेली लोकल गाडी जेथे थांबते आणि पुढे थळ घाटाची चढण सुरू होते, त्या कसाऱ्याच्या परिसरात वैद्याचा दवाखाना किंवा औषधी दुकान हे केवळ माणसांपुरते नसते. शेळीचे पोट फुगले, बैलाच्या खांद्याला सूज आली, राखणीच्या कुत्र्याने खाणे सोडले, तरी पहिली पायरी चढली जाते ती आपलीच. ही प्रथा चांगली की वाईट, हा वाद येथे नाही. ती आहे, आणि म्हणूनच प्रस्तुत विषय या त्रैमासिकाच्या वाचकांसमोर मांडावासा वाटला.

एका पावसाळी संध्याकाळी जवळच्या पाड्यावरील एक शेतकरी आपल्या शाळकरी मुलीसह आमच्याकडे आला. "डॉक्टर, कुत्र्याला संडास लागलीय. माणसाला देता तीच गोळी द्या," एवढीच त्याची मागणी होती. आम्ही सवयीने कुटजघन वटी काढली, दिवसभर उपाशी ठेवण्यास सांगितले आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. तो पायरी उतरत असता मुलगी म्हणाली, "बाबा, मागच्या शुक्रवारी गाठीची सुई दिलीय, ते सांगा ना." आम्ही त्याला परत बोलावले. टेम्पोत निजलेल्या कुत्र्याचा ताप पाहिला, तो १०४ अंश फॅरनहाइट निघाला. गोळी परत घेतली आणि त्याला त्याच टेम्पोने पशुवैद्यकाकडे पाठवले. सलाईन व प्रतिजैविके यांवर चार दिवस काढून ते कुत्रे वाचले. आमच्या औषधाने नव्हे, त्या मुलीच्या एका वाक्याने.

त्या दिवशी आम्ही जो प्रश्न विचारला नाही, तोच या लेखाचा विषय आहे.

आपल्या भागात केमोथेरपी येते कोठून?

कर्करोगावरील रसायनचिकित्सा ही शहरातील श्रीमंतांच्या पाळीव प्राण्यांची गोष्ट, असा आपला समज असतो. वास्तव निराळे आहे. गावात मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांमध्ये संक्रमणशील जननेंद्रिय-अर्बुद हा व्याधी भारतभर आढळतो. पशुवैद्यकांच्या बोलण्यात त्याला 'टीव्हीटी' म्हणतात. समागमातून, हुंगण्या-चाटण्यातून अर्बुदाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात. जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, सहज रक्त गळणारी वाढ दिसते. क्वचित नाकातही गाठ होऊन रक्त येते. मालक त्याला 'गरमी' किंवा 'जखम' म्हणतो.

या व्याधीवर व्हिन्क्रिस्टीन हे औषध फार गुणकारी आहे. आठवड्याला एक याप्रमाणे शिरेतून सुया दिल्या जातात. सर्वसाधारणपणे चार ते सहा, काही वेळा आठपर्यंत लागतात, आणि बहुसंख्य कुत्री पूर्ण बरी होतात. म्हणजे ही चिकित्सा तालुक्याच्या पातळीवरही दिली जाऊ शकते. लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी, म्हणजे लिम्फोमासाठी, अनेक औषधांचा महिनोन्‌महिने चालणारा क्रम असतो. त्यासाठी मालकांना मुंबई गाठावी लागते. परळला १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच परिसरातील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशु रुग्णालय यांचे नाव आपल्या भागातही परिचित आहे. २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे टाटा न्यासांचे लहान प्राण्यांसाठीचे रुग्णालयही सुरू झाले. परंतु छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कसारा सुमारे १२१ किलोमीटरवर आहे आणि मुरबाडला तर रेल्वेच नाही. सुई तेथे टोचली जाते आणि तिचे परिणाम चौथ्या-सातव्या दिवशी येथे, आपल्या दारात प्रकट होतात.

सदाफुलीची शिकवण

व्हिन्क्रिस्टीन हे आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळते, हे अनेकांस ठाऊक आहे. ही वनस्पती मूळची मादागास्करची, म्हणून आपल्या संहितांत तिचा उल्लेख नाही. लोकव्यवहारात ती मधुमेहावर वापरली जाई. त्याच गुणाची परीक्षा करताना १९५० च्या दशकात कॅनडातील संशोधक नोबल आणि बीअर यांना आढळले की, तिच्या अर्काने प्रयोगातील उंदरांची रक्तशर्करा विशेष उतरत नाही, परंतु रक्तातील श्वेतकण मात्र झपाट्याने कमी होतात. त्यातून व्हिनब्लास्टीन हाती आले. पुढे व्हिन्क्रिस्टीन सापडले व १९६३ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली.

या इतिहासात आपल्यासाठी दोन धडे आहेत. पहिला असा की, श्वेतकण घटणे हा या औषधाचा आगंतुक दोष नसून त्याच्या स्वभावाचाच भाग आहे. ज्या गुणामुळे ते अर्बुद जिरवते, त्याच गुणामुळे ते अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर आणि केसांची मुळे या सतत नवनिर्मिती करणाऱ्या ठिकाणी आघात करते. दुसरा असा की, 'मूळ वनस्पती तीच, तर काढाच देऊ' हा तर्क घातक आहे. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीनसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. काढ्यात इतर अल्कलॉइडे किती उतरतील याचा कोणताही हिशेब नसतो. सदाफुलीचा काढा कुत्र्या-मांजरास कोणीही देऊ नये.

दुष्परिणामांचे पंचांग

प्राण्यांमधील केमोथेरपीची मात्रा माणसांच्या तुलनेने सौम्य ठेवलेली असते, कारण उद्देश कोणत्याही किमतीवर रोग संपवणे हा नसून प्राण्याचे उरलेले आयुष्य सुखाचे जावे हा असतो. बहुसंख्य प्राण्यांना त्रास होत नाही अथवा किरकोळ होतो. जो होतो तो बहुधा ठराविक दिवशी होतो. म्हणून लक्षणापेक्षा दिवस आधी विचारावा.

पहिला दिवस सुईच्या जागेचा. व्हिन्क्रिस्टीन अथवा लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर सांडले तर तेथील मांस झडते. त्या दिवशी पाय ठीक दिसतो. नंतर सूज, लाली, वेदना येतात आणि कुत्रे ती जागा सतत चाटते. येथे लेप नको, तेल चोळणे नको, चीर तर नकोच. व्हिन्क्रिस्टीनसाठी उष्ण शेक, तर डॉक्सोरुबिसिनसाठी शीत शेक सांगितला जातो. दोन्हींचा उपचार परस्परविरुद्ध असल्याने अंदाजाने शेकही देऊ नये. चाटणे थांबवावे आणि ज्यांनी सुई दिली त्यांना त्याच दिवशी कळवावे.

दुसरा ते पाचवा दिवस आतड्यांचा. अरुची, मळमळ, लाळ गळणे, उलटी, पातळ मल ही लक्षणे दिसतात. एखाद-दुसरी उलटी होऊन प्राणी पाणी पीत असेल, शेपूट हलवीत असेल, तर घरी सांभाळता येते. व्हिन्क्रिस्टीनमध्ये याच्या उलटही घडते. आतड्यांची गती मंदावते, पोट फुगते, मल होत नाही आणि उलट्या सुरू होतात. अशा वेळी अतिसार समजून स्तंभन द्रव्य देणे म्हणजे बंद दारास आणखी एक कडी लावणे होय.

पाचवा ते दहावा दिवस रक्ताचा. याच काळात श्वेतकण सर्वांत खाली जातात. व्हिन्क्रिस्टीनमध्ये ते चौथ्या दिवसापासूनही घटू शकतात. पुढच्या सुईपूर्वी रक्ततपासणी करतात ती याचसाठी. श्वेतकण नसतील तर पू होत नाही, सूज दिसत नाही. जंतुसंसर्गाची नेहमीची खूण उमटतच नाही. उरते ती ताप आणि मलूलता.

पुढील आठवड्यांतील परिणाम औषधपरत्वे वेगळे असतात. सायक्लोफॉस्फामाइडमुळे मूत्राशयाचा दाह होऊन लघवी वारंवार व रक्तमिश्रित होते. डॉक्सोरुबिसिनचा साठत जाणारा आघात कुत्र्यात हृदयावर, तर मांजरात मूत्रपिंडावर होतो. पूडल, ल्हासा, शिह त्झू अशा सतत केस वाढणाऱ्या जातींचे केस गळतात. आपल्या गावठी कुत्र्यांचे सहसा गळत नाहीत. मांजरांच्या मिशा मात्र झडतात, ते पाहून मालकाने घाबरू नये. कोली व तत्सम जातींत जन्मजात दोषामुळे व्हिन्क्रिस्टीनची विषबाधा अधिक होऊ शकते.

ताप : येथे आपला नेहमीचा नियम लागू नाही

निरोगी कुत्र्या-मांजराचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे माणसापेक्षा अधिक. हाताला 'गरम लागते' यावरून निर्णय करू नये. गुदमार्गात तापमापक ठेवूनच पाहावे. सुईनंतरच्या दहा दिवसांत ताप १०३ च्या वर असेल, तर तो नवज्वर समजून लंघन-पाचनाने हाताळण्याचा विषय नाही. ती आणीबाणी आहे. काही तासांत शिरेतून प्रतिजैविक व द्रव सुरू व्हावे लागतात. सकाळपर्यंत वाट पाहू नये. ताप १०० च्या खाली उतरून प्राणी निपचित पडला असेल, हिरड्या फिकट किंवा लालभडक असतील, तर स्थिती आणखी गंभीर समजावी.

आपल्या भागात आणखी एक पेच आहे. गोचिडांमुळे होणाऱ्या रक्तरोगांतही ताप येतो, रक्तातील बिंबाणू घटतात, नाकातून रक्त येते. दोहोंचा भेद रक्ततपासणीशिवाय होत नाही. म्हणून 'गोचीडताप असेल' असे म्हणून थांबू नये. केमोथेरपी चालू असलेल्या प्राण्यावरील गोचिडांचा बंदोबस्तही पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच करावा.

मार्जार म्हणजे लहान श्वान नव्हे

मांजर आपले दुखणे लपवते. उलटी-जुलाबाऐवजी ते कोपऱ्यात बसते, अंग चाटून स्वच्छ करणे सोडते, खाणे हुंगून परत फिरते. दोन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः स्थूल मांजराच्या, यकृतात मेद साचून प्राणसंकट ओढवू शकते. लंघन हा उपक्रम मांजरात हितकर नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे.

औषधांची सहनशीलताही भिन्न आहे. कुत्र्यात वापरले जाणारे सिस्प्लॅटिन मांजराच्या फुप्फुसात पाणी भरून त्यास मारते. माणसाच्या त्वचेवर लावण्याचे फ्लुओरोयुरॅसिलचे मलम चाटल्यानेही मांजर दगावू शकते. आणि ज्या पॅरासिटामॉलची गोळी प्रत्येक दुकानात हाताशी असते, ती मांजरास विष आहे. कुत्र्यासही ती परस्पर देऊ नये.

आपल्या फळीवरील काय देऊ नये

आता आपल्या व्यवसायाच्या वर्मी लागणारा भाग. पुढील कल्प माणसात आपण रोज निःशंकपणे देतो. केमोथेरपीखालील कुत्र्या-मांजरात ते देऊ नयेत.

लशुनादि वटी : लसणामुळे कुत्र्या-मांजरांत रक्तातील तांबडे कण फुटतात, मांजरात विशेष. अस्थिमज्जा आधीच दबलेली असताना ही हानी भरून येत नाही.

द्राक्षासव, द्राक्षारिष्ट : द्राक्षे व मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. शिवाय कोणत्याही आसव-अरिष्टातील मद्यांश या प्राण्यांना अपायकारकच.

अमृतधारा, कर्पूरयुक्त तेले, निलगिरी तेल : मांजराचे यकृत ही द्रव्ये निष्प्रभ करू शकत नाही. अंगाला लावले तरी ते चाटून पोटात जाते.

संजीवनी वटी, आनंदभैरव रस : वत्सनाभयुक्त कल्पांची मात्रा पाच किलोच्या प्राण्यास अंदाजाने ठरवणे धोक्याचे. पहिल्यात भल्लातकही आहे.

त्रिकटु व पिंपळीयुक्त कल्प, गुग्गुळ कल्प : मिरी-पिंपळीतील पायपेरीन यकृतातील औषध-पचन मंद करते. गुग्गुळातील द्रव्ये ते वाढवतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. व्हिन्क्रिस्टीन याच मार्गाने शरीराबाहेर पडते. एकाने विषाक्तता वाढण्याचा, तर दुसऱ्याने चिकित्सा निष्फळ होण्याचा संभव.

त्रिफळा व इतर विरेचने : आतड्याचे अस्तर सोलवटलेले असताना शोधन नको.

साखरविरहित पाक व अवलेह : त्यांत झायलिटॉल असेल तर कुत्र्याची रक्तशर्करा एकदम कोसळते. वेष्टन वाचल्याखेरीज देऊ नये.

मालक पुष्कळदा विचारतो, "शक्तीसाठी गुळवेल, अश्वगंधा देऊ का?" आमचे उत्तर असे की, या दहा दिवसांत कोणतेही नवे द्रव्य उपचार करणाऱ्या पशुवैद्यकास न कळवता सुरू करू नये. नंतर ताप आला किंवा यकृताची तपासणी बिघडली, तर दोष कोणाचा हे ठरवता येत नाही, आणि पुढची सुई विनाकारण लांबते.

मग आपण करायचे काय?

करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते आपल्या शास्त्राच्या पथ्यविचाराशी सुसंगत आहे. ताप नसलेल्या, किरकोळ अपचन असलेल्या कुत्र्यास मीठ-मसाला, कांदा-लसूण न घातलेला मऊ भात व शिजवलेले कोंबडीचे मांस थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्यावे. मांजराचे अन्न किंचित कोमट करावे, वासाने त्याची रुची जागते. पाणी सदैव भरलेले असावे. सायक्लोफॉस्फामाइड चालू असेल तर कुत्र्यास वारंवार लघवीस बाहेर न्यावे. निजण्याची जागा कोरडी ठेवावी. पावसाळ्यात चिखलात व डबक्यात जाऊ देऊ नये. कच्चे मांस व शिळे अन्न वर्ज्य. टीव्हीटीच्या कुत्र्यास बरे होईपर्यंत बांधून ठेवावे आणि निर्बीजीकरणाचा सल्ला द्यावा, नाहीतर गावातील पुढचे कुत्रे तोच व्याधी घेऊन येईल.

घरातील माणसांची काळजीही आपणच सांगितली पाहिजे. सुईनंतर निदान तीन दिवस मल, मूत्र व उलटी यांतून औषध बाहेर पडत असते. ते हातमोजे घालून उचलावे, जागा भरपूर पाण्याने धुवावी. शेणाने सारवलेल्या जमिनीत मूत्र मुरते, म्हणून अशा घरात कुत्र्यास या काळात अंगणात वेगळ्या जागी बांधणे बरे. गर्भवती, स्तनदा माता व लहान मुले यांनी हे काम करू नये.

औषधी दुकानदारांस विशेष विनंती. मांजरांच्या लिम्फोमात क्लोरॅम्ब्युसिलसारख्या गोळ्या घरीच दिल्या जातात. पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय त्या देऊ नयेत, हे तर झालेच. त्या उघड्या हाताने मोजू नयेत, अर्धी तोडू नयेत, खलात कुटू नयेत. ज्या खलात गोळी कुटली त्याच खलात उद्या बालकाचे औषध घोटले जाते.

मर्यादा हीच मान्यता

पशुचिकित्सा आपल्या परंपरेस परकी नाही. शालिहोत्र व पालकाप्य यांची नावे आपण अभिमानाने घेतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधील आयुर्वेदिक औषधाच्या व्याख्येत मनुष्याबरोबर प्राण्यांचाही समावेश आहे. परंतु औषध विकण्याची मुभा म्हणजे चिकित्सेचा अधिकार नव्हे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुचिकित्सा नोंदणीकृत पशुवैद्यकाची आहे. त्या सीमेवर उभे राहून योग्य वेळी योग्य दिशा दाखवणे, यात कमीपणा नाही.

त्या प्रसंगानंतर आम्ही एक छोटा फलक लिहून गल्ल्यामागे लावला आहे. प्राण्यासाठी औषध मागणाऱ्या प्रत्येकास त्यावरील पाच प्रश्न विचारतो : कर्करोगाची वा गाठीची सुई, गोळी चालू आहे का? शेवटची कधी दिली? ताप मोजला का, किती? पाणी पितो का, शेवटचे कधी खाल्ले? ज्यांनी सुई दिली त्यांचा दूरध्वनी क्रमांक जवळ आहे का? पहिल्याचे उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचे 'दहा दिवसांच्या आत' असे आले की, बरणीकडे जाणारा हात थांबतो आणि दूरध्वनीकडे वळतो.

पाच प्रश्नांना दोन मिनिटे लागतात. आपल्या वाचकांपैकी प्रत्येकाने असा फलक आपापल्या दुकानात लावावा, अशी आमची विनंती आहे. प्रत्येक मालकाबरोबर आठवण करून देणारी मुलगी असेलच असे नाही.